मासा तुमच्यावर

जूनची एक तारीख उजाडली की बेया पाहुण्यांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात करते. चुन्याची बादली आणि लांब दांड्याचा कुंचला घेऊन ती घराच्या भिंतीला भिडते आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "येतायत मेले. माझी हाडं मोडायला येतायत. एक संडास आणि सतरा माणसं. या वर्षी मी काही वाचत नाही." ऐकणारा मान डोलावतो, "देव तुला बळ देवो, बेया," म्हणतो आणि पुढं जातो. तिची कीव कुणालाच येत नाही. झालाच तर थोडा हेवा वाटतो.

कारण ट्युनिसच्या मुलखातल्या आमच्या केर्कन्ना बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की आनंद तोंडाबाहेर काढायचा नसतो. काढला की नजर लागते. नाव भरून मासळी आणलेला कोळी किनाऱ्यावर येऊन सांगतो, "कसलं काय, दोन शेपट्या मिळाल्या." गोंडस बाळ पाहिलं की बायका नाक मुरडून म्हणतात, "किती गं बाई कुरूप." पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली तर तिची आई शेजारणीला सांगते की पोरीचं डोकं जरा कमीच चालतं. आणि कुणी चुकून खरं कौतुक केलंच, तर लगेच म्हणायचं, "मासा तुमच्यावर." म्हणजे नजरेनं बघायचंच असेल तर माशाकडं बघावं. माशाला पापणीच नसते. तो नजरेला नजर देऊन बघत राहतो आणि शेवटी नजरच कंटाळून निघून जाते.

बेया सत्तावन्न वर्षांची. उलाद मन्सूर गावच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं इंजेक्शनं दिली. अर्धं बेट आपल्याला पाठीमागून ओळखता येतं असं ती स्वतःच सांगते. तिच्यापुढं फुशारकी मारायची कुणाची छाती होत नाही, कारण सुई बघून कोण किती किंचाळलं होतं ते सगळं तिच्या लक्षात आहे. लग्न झालं नाही. दोनदा जुळत आलं होतं. एकदा आईचं आजारपण आड आलं, आणि दुसऱ्या खेपेला नवरामुलगाच इंजेक्शन घ्यायला आला आणि सुई दिसताच चक्कर येऊन पडला. "मी केलं असतं हो त्याच्याशी," बेया अजून हसत सांगते, "पण तो पुन्हा दवाखान्याकडं फिरकलाच नाही."

मोठा भाऊ मोन्सेफ पस्तीस वर्षांपूर्वी फ्रान्सला गेला आणि ग्रेनोबल नावाच्या डोंगरातल्या शहरात बस चालवून आता निवृत्त झाला. धाकटी बहीण सलूहा बोटीनं तासाभरावरच्या स्फाक्स शहरात राहते. वडील जिलानी गेले, आई गेली, घर राहिलं आणि घरात बेया राहिली. सप्टेंबर ते जुलै ती एकटी असते. रेडिओ लावते, मांजराला शिव्या देते, एका ताटलीत जेवते. मग जुलै सरतो आणि सतरा माणसांचा पूर येतो.

बोट दुपारची असली तरी बेया सकाळी आठलाच सिदी युसुफच्या धक्क्यावर हजर. कुणी विचारलं तर म्हणते, वारा खायला आलेय. वारा गावातही असतो, पण ते तिला कुणी सांगत नाही. बोट तांदळाच्या दाण्याएवढी दिसली की तिचा डावा पाय आपोआप नाचायला लागतो आणि ती उजव्या पायानं त्याला दाबून धरते. मग गाड्या उतरतात, काचा खाली होतात, हात बाहेर येतात, कुणीतरी कुणाचं तरी पोर तिच्या कडेवर टाकतं, आणि बेया ओरडते, "आलात का? मला वाटलं यंदा तरी रस्ता चुकाल." असं म्हणत ती इतक्या पाप्या घेते की पोरांचे गाल लाल होतात.

या वर्षी गर्दी टप्प्याटप्प्यानं यायची होती. पहिल्या बोटीनं मोन्सेफ, त्याची बायको रफिका आणि त्यांची सात वर्षांची नात सिरीन आली. सिरीनचे आईबाप नोकरीपायी ग्रेनोबललाच अडकले होते. त्याच बोटीत सलूहा आणि तिचा नवरा तौफिक चढले. तौफिक शाळेत गणित शिकवतो. मूळचा गफ्साचा, म्हणजे जिथं मासा डब्यातून येतो तिथला. पंचवीस वर्षं या घरचा जावई आहे, पण अजून पाण्यात शिरताना चष्मा काढायचं विसरतो.

पहिल्याच रात्री गच्चीवर गाद्यांवरून भांडणं झाली, कुणीतरी खरबुजाच्या फोडीवर बसलं, सलूहानं आणि बेयानं लहानपणीच्या एका हरवलेल्या चपलेचा वाद जिथं गेल्या वर्षी सोडला होता तिथून पुढं सुरू केला, आणि मोन्सेफ मध्येच झोपेतून उठून म्हणाला की चप्पल त्यानंच विहिरीत टाकली होती. बेया हसून हसून उशीत तोंड खुपसून पडली. सकाळी शेजाऱ्यांना म्हणाली, "रात्रभर डोळा लागू दिला नाही मेल्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बेया लसूण सोलत होती आणि समोर रफिका एका गुळगुळीत रंगीत कागदानं वारा घेत होती. कागदावर निळं निळं पाणी होतं.

"हा कसला पंखा आणलात, वहिनी?"

"पंखा कसला. हॉटेलचा कागद आहे. सूस शहराच्या बाजूला आहे म्हणे. पोहायचा तलाव आहे, पाच घसरगुंड्या आहेत. म्हटलं, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी तिकडंच जावं. तुझीही सुटका."

दुसरी कुठली बाई असती तर म्हणाली असती, वहिनी, असं करू नका. बेया केर्कन्नाची होती. ती म्हणाली, "बरं होईल बाई. जा. एक उन्हाळा तरी मी पाय पसरून झोपेन."

"तेच म्हणते मी," रफिका म्हणाली. "फेब्रुवारीत फोनवर तूच म्हणालीस ना, यंदा आम्ही आलो तर तू मरशील म्हणून. तेव्हाच मी यांना म्हटलं, आता पुरे. बिचारीची पाठ दुखतेय."

खरी मेख इथंच होती. रफिका राजधानीतली, ट्युनिस शहरातली. नजरबिजर तीही मानते, गळ्यात चांदीचा मासा घालते. पण तिच्या माहेरी माणूस मरतो म्हणाला तर डॉक्टरला बोलावतात. मोन्सेफ तर बेटावरचाच, पण इतकी वर्षं बाहेर काढून त्याच्याकडं बेटाचे उच्चार तेवढे उरले, उलटं बोलायची आणि उलटं ऐकायची सवय गेली. तुम्ही आलात की मी मरणार, याचा अर्थ गावातल्या कुणालाही कळला असता. लवकर या, एवढाच त्याचा अर्थ.

"बघू, सिरीनला काय आवडतं ते," रफिका म्हणाली. "कालपासून समुद्रात पाय घालत नाहीये. म्हणते, खाली केस आहेत."

केस म्हणजे समुद्रगवत. आमच्या बेटाभोवती गुडघाभर पाण्यात ते दूरपर्यंत पसरलेलं असतं आणि पायाला गुदगुल्या करतं. तलावात ते नसतं, हे बेयालाही कबूल होतं.

ती आत गेली आणि मांजराला म्हणाली, "घसरगुंड्या." मांजरानं मान वर केली. "पाच," बेया म्हणाली.

आता सगळी भिस्त शर्फियावर होती. बेटावर शेतासारखा समुद्रही वाटून घेतलेला आहे. जिलानींचा तुकडा घरासमोरच, ओहोटीला चालत जाता येईल इतका जवळ. त्यात खजुराच्या झावळ्या रोवून केलेलं लांबलचक कुंपण, ते शर्फिया. भरतीला आलेले मासे पाणी उतरताना कुंपणाच्या कडेकडेनं वाट शोधतात आणि टोकाच्या विणलेल्या सापळ्यात शिरतात. घरातलं पोर सात वर्षांचं झालं की त्या उन्हाळ्यात सापळ्याची गाठ त्यानं सोडायची. मोन्सेफनं सोडली, बेयानं सोडली, सिरीनच्या बापानं सोडली. समुद्र जे पहिलं देईल ते त्या पोराचं, आणि मग समुद्र त्या पोराला जन्मभर ओळखतो, असं जिलानी सांगायचे. एकदा समुद्रानं ओळख दाखवली की पाच घसरगुंड्यांना कोण विचारतो, असं बेयाला वाटत होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला ओहोटी होती, आणि शुक्रवारी सिरीनची पाळी होती.

पण कुंपण दर वसंतात नव्यानं रोवावं लागतं. जिलानी गेल्यापासून ते काम शेजारचे फरहातकाका अर्ध्या वाट्यानं करायचे. यंदा काकांचा गुडघा सुजला आणि काम राहिलं. हिवाळ्यात निम्म्या झावळ्या लाटांनी नेल्या. मासे मजेत आत येत, हिंडत, जिथून हवं तिथून बाहेर पडत. बेयानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं असतं तर मोन्सेफ सुस्कारा टाकून म्हणाला असता, आता कोण बघणार हे सगळं, आणि त्या वाक्यानंतर घरं विकली जातात.

शुक्रवारी सकाळी ती फरहातकाकांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काका, तुमच्या जावयाच्या नावेतल्या बारा बोई हव्यात मला. जिवंत."

"जिवंत? खायच्यायत की पाळायच्यायत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

काकांनी गुडघा चोळत तिच्याकडं पाहिलं. "सापळ्यात सोडणारेस तू."

"मी? छे."

"बेया, मला तू अडतीस इंजेक्शनं दिलीस. दर वेळी म्हणालीस, दुखणार नाही. खोटं बोलताना तू कशी दिसतेस ते मला पाठ आहे."

बेया त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. "पोरीची पाळी आहे, काका. सापळा रिकामा निघाला तर पुढच्या वर्षी हे सगळे सूसच्या तलावात डुंबतील आणि मी मांजराबरोबर कुसकुस खाईन."

"मग सांग की त्यांना, जाऊ नका म्हणून."

"असं कसं सांगू? नजर लागेल."

हे काकांना पटलं. त्यांनी जावयाला हाक मारली.

दुपारचं जेवण झालं, निवडुंगाच्या बोंडांची परात रिकामी झाली आणि घर झोपलं. ऑगस्टच्या दुपारी दीड ते चार आमच्याकडं शेळीसुद्धा उभी दिसत नाही. बेयानं झग्याचा घोळ कमरेला खोचला, बादली डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरली. ओहोटी नुकती लागली होती, पाणी अजून कमरेइतकं होतं. दर पावलाला बादली हिंदकळे, खारं पाणी मानेवरून पाठीत जाई, आणि वाटेत एका बोईनं उडी मारून स्वतःची सुटका करून घेतली. उरल्या अकरा. भर उन्हात, डोक्यावर मासे घेऊन, स्वतःच्याच सापळ्यात चोरून मासे भरायला निघालेली आपण, हे मनात येताच तिला हसू फुटलं. सात वर्षांची असताना तिच्या पाळीला एक खेकडा निघाला होता आणि तो तिनं आई ओरडेपर्यंत फ्रॉकच्या खिशात ठेवला होता. तो किती नांगी मारायचा, आणि आपण किती खूश होतो. तिनं सापळ्याचं झाकण उचललं, बादली उपडी केली, बापानं शिकवलेली गाठ मारली आणि हसतच परतली.

कपडे बदलून ती चटईवर पडली आणि घोरायचं सोंग घेतलं. थोड्या वेळानं मोन्सेफ उठला. चवड्यांवर चालत बाहेर गेला. गाडीचं मागचं दार हळूच वाजलं. बेयानं मनात ताडलं. हॉटेलला फोन करायला गेला. घरात बोललो तर ही ऐकेल म्हणून बाहेर गेला. मोन्सेफ बऱ्याच वेळानं आला तेव्हा कमरेपासून खाली चिंब होता. एका डोळ्यानं बेयानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, सतरा जणांचं बुकिंग म्हणजे घाम फुटणारच.

मग तौफिक उठला. फ्रिजचं दार उघडलं, पिशवी खुसफुसली, आणि तोही बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या चष्म्याच्या काचांवर मिठाचे ठिपके होते. यालाही हॉटेल हवंय, बेयानं मनात म्हटलं. गफ्साचा माणूस, त्याला तलावच बरा. तिचे डोळे भरून आले, पण घोरणं तिनं चालू ठेवलं, कारण सोंग घेतलं की नीट घ्यावं.

पाचला सगळे निघाले. पाणी गुडघ्याखाली आलं होतं. सिरीन मोन्सेफच्या खांद्यावर बसली होती आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

"बेयाआजी, तिथं केस आहेत."

"आहेतच. समुद्राचे आहेत. त्याला विंचरायला कुणी नाही ना, म्हणून असे झालेत. तू फक्त ओढू नकोस, हळू पाय ठेव."

सिरीननं विचार केला. मग एक पाय खाली सोडला, अंगठा बुडवला, किंकाळी मारली, हसली आणि दुसरा पाय सोडला. दहा पावलांत ती समुद्राला विचारत होती की दुखलं का.

कुंपणाजवळ आल्यावर मोन्सेफ थांबला. जिथं भिंत असायची तिथं चार झावळ्या आणि मग नुसतं आभाळ, पुन्हा दोन झावळ्या आणि आभाळ.

"यंदा जरा विरळ लावलीय," बेया म्हणाली. "आत वारा खेळतो."

"हं," मोन्सेफ म्हणाला. "नवी पद्धत दिसतेय."

सापळा जड लागला. मोन्सेफ आणि तौफिकनं तो उचलून धरला, सिरीननं दातांनी आणि नखांनी गाठ सोडवली, हात आत घातला आणि एक मासा शेपटीला धरून बाहेर ओढला. कुपा निघाला. चांगला दंडाएवढा. कुपा खोल समुद्रात धावणारा. गुडघाभर पाण्यात तो कधी आलेला नाही आणि येणारही नाही. बेया तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत राहिली.

"हा गार आहे," सिरीन म्हणाली. "आजोबा, बघा ना. पोटात बर्फ आहे याच्या."

मोन्सेफला खोकल्याची उबळ आली.

"असतं तसं," तौफिक घाईघाईनं म्हणाला. "मासे थंड रक्ताचेच असतात."

सिरीननं तो मासा बेयाच्या हातात दिला आणि दुसरा काढला. हा लहान होता. पोट चिरलेलं, दोन्ही अंगांना तीन तीन तिरप्या रेघा, रेघांत काहीतरी लाल. तिनं हुंगलं. "याला लसणाचा वास येतोय. आणि पोटच नाहीये. मग हा पोहत कसा होता?"

बेयानं त्या रेघा ओळखल्या. सकाळी तिनंच मारल्या होत्या. उद्याच्या जेवणासाठी जिरं, लसूण आणि हरिसाचं लाल तिखट वाटण चोळून फ्रिजमध्ये ठेवलेले तिचे स्वतःचे मासे. तिनं मान वळवून तौफिककडं पाहिलं. तौफिकनं चष्मा काढला आणि ओल्या शर्टानं पुसायला घेतला.

"जावईबापू?"

"सकाळी फिरायला आलो होतो," तो खाली बघत म्हणाला. "सापळा रिकामा दिसला. म्हटलं, पोर हिरमुसेल. मघाशी चष्म्यावर पाणी उडालेलं, आत काय आहे ते दिसलंच नाही. आणि मला वाटलं, मासा म्हणजे मासा."

आधी रफिकाला हसू आलं. ती हसली, वाकली, तिचा तोल गेला आणि ती कपड्यांसकट पाण्यात बसली. तिला उठवायला गेलेली सलूहा तिच्यावर पडली. मोन्सेफ सापळा सोडता येत नाही म्हणून उभ्यानंच गदगदा हसत होता आणि सापळा त्याच्याबरोबर हलत होता.

"कुपा तुझा ना?" बेया त्याला म्हणाली.

"रम्ला गावच्या बाजारात तोच ताजा होता. काल घेतला, गाडीत बर्फात ठेवला, आणि मघाशी घाईत आत न बघताच सापळ्यात कोंबला. अगं, आल्या दिवशीच गच्चीवरून मला दिसलं की निम्मं कुंपण गेलंय. तू बोलली नाहीस, म्हटलं आपण तरी कशाला बोला. पोरीसमोर तुझी मान खाली जायला नको."

"कुपा गुडघ्यात पोहतो असं शिकवतात का रे तुमच्या डोंगरात?"

"आणि तू काय ठेवलंस?"

"मी बोई ठेवल्या. बोई निदान इथल्या तरी आहेत."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचंही पितळ उघडं पडलं होतं. आता पुन्हा सगळे हसले, आणि बेयाही हसली, हातातला गार कुपा पोटाशी धरून.

मोठ्या माणसांकडं सिरीनचं लक्षच नव्हतं. ती सापळ्यात डोकं घालून तळाशी बघत होती. "बोई पाचच आहेत," ती म्हणाली. "आणि हा कुणी ठेवला?"

सगळे वाकले. कोपऱ्यात एक लहान ऑक्टोपस बसला होता, तळहाताएवढा, बेयाच्या अर्ध्याअधिक बोई फस्त करून तृप्त झालेला. त्यानं एक हात लांब केला आणि सिरीनच्या मनगटाला गुंडाळला. ती ओरडली नाही. तिनं श्वास रोखला.

"हा कुणी नाही ठेवला," मोन्सेफ म्हणाला. त्याचा आवाज एकदम हळू झाला. "हा आपणहून आलाय."

"मग समुद्रानं दिलेला हाच पहिला. बाकीचे धरायचे नाहीत."

"तुझाच तो. पण आत्ता नेता येत नाही. उन्हाळ्यात ऑक्टोपस धरायची बंदी असते. ऑक्टोबरपर्यंत त्याला वाढू द्यायचं."

सिरीननं मनगटावरच्या हाताकडं बघत विचारलं, "म्हणजे आम्ही गेल्यावर हा इथं एकटाच राहणार? पूर्ण हिवाळा?"

प्रश्न बेयाला होता. बेया नेहमीसारखं बोलायला गेली. "एकटाच बरा असतो गं. कुणाची कटकट नाही, संडासाला रांग नाही, रात्री डोळा तरी..." आणि ते वाक्य काही तिला पुरं करता येईना.

रफिका पाण्यात बसल्या बसल्या तिच्याकडं बघत होती. तिचं हसू थांबलं होतं.

"बेया, फेब्रुवारीत तू खरंच मरत होतीस का?"

"नाही."

"आणि पाठ?"

"दोन दिवस दुखली. मग राहिली."

"मग तू म्हणालीस काय आणि तुला हवं होतं काय?"

बेयानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. समुद्रावर कुणी नव्हतं. "मला तुम्ही हवे असता," ती म्हणाली. इतकं सरळ वाक्य ती सत्तावन्न वर्षांत बोलली नव्हती, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "सगळे. सतराच्या सतरा. संडासाच्या रांगेसकट, ओल्या टॉवेलांसकट. दर वर्षी. तुम्ही गेलात की आठ दिवस मी गाद्या उचलत नाही. आणि मग ज्या दिवशी उचलते त्या दिवशी जेवत नाही. तलावात जाऊ नका, वहिनी. पोरांना घसरगुंडी हवी असेल तर मी गच्चीवरून बांधते. पाच बांधते."

सलूहानं नाक ओढलं. आणि मग बेयाला कळलं की आपण काय करून बसलो. लख्ख उजेडात, उघड्या आभाळाखाली, मोठ्या आवाजात आनंद बोलून दाखवला. हातात कुपा होता. तिनं तो उचलला आणि रफिकाच्या डोक्यावर टेकवला.

"मासा तुमच्यावर."

रफिका गारव्यानं किंचाळली. बेयानं मोन्सेफच्या डोक्यावर कुपा टेकवला, सलूहाच्या टेकवला. तौफिकनं डोकं पुढं केलं तेव्हा त्याला मुद्दाम त्याचाच लसणाचा मासा लावला. सिरीननं स्वतःच डोकं खाली केलं आणि मनगटावरच्या ऑक्टोपसकडं बोट दाखवलं, म्हणून त्यालाही कुप्याची शेपटी लावण्यात आली. शेवटी मोन्सेफनं बहिणीच्या हातातून कुपा काढून घेतला आणि तिच्या डोक्यावर धरला. बराच वेळ धरला.

"मासा तुझ्यावर, बेया," तो म्हणाला. "मार्चमध्ये येतो मी. झावळ्या रोवायला."

मग सिरीननं हात पाण्यात बुडवला. ऑक्टोपसनं एकेक करून सगळे हात सोडवून घेतले आणि तो समुद्राच्या केसांत शिरला. घरातून कुणी निघालं की मागून पाणी टाकतात म्हणजे ते परत येतं, हे तिला ग्रेनोबललाही माहीत होतं. तिनं ओंजळभर पाणी उचललं आणि त्याच्यामागं समुद्रातच ओतलं.

कुपा इतक्या डोक्यांवर टेकला तरी चांगला निघाला. त्याचा रस्सा घातलेलं रव्याचं कुसकुस सगळ्यांना पुरलं.

शनिवारी सकाळी बेया अंगणात टॉवेल वाळत घालत होती. भिंतीपलीकडून फरहातकाकांनी हाक मारली.

"मग बेया? कधी जातायत तुझे पाहुणे?"

"जातायत कसले," बेया सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आता म्हणे मार्चमध्येच येणार, कुंपण रोवायला. आणि ऑगस्टात पुन्हा सतराच्या सतरा. माझ्या मुळावरच उठलेत मेले. मी काही वाचत नाही, काका."

"देव तुला बळ देवो," काका म्हणाले.

ओसरीवर रफिका हॉटेलचा कागद मांडीवर पसरून त्यावर लसूण सोलत होती. तिच्या शेजारी बसलेल्या सिरीननं काळजीनं विचारलं, "आजी, बेयाआजी रागावलीय का?"

"नाही गं," रफिका म्हणाली. "ती म्हणतेय, मार्च फार लांब आहे."